पहिल्या सुपर बोलची 'चित्रफीत': हरवलं काय, सापडलं काय

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या सुपर बोलमध्ये ग्रीन बेच्या संघाने कॅन्सस सिटीला ३५-१० असं हरवलं. त्या सामन्याची चित्रफीत हरवली होती आणि मग एका माळ्यावर सापडली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. गोष्ट खोटी नाही. पण मराठीत आपण फिल्मलाही चित्रफीत म्हणतो आणि टेपलाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सामना हरवला नव्हताच. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या स्वतःच्या चित्रपट विभागाचे कॅमेरे त्या दिवशी मैदानात होते. ती १६ मिलिमीटरची फिल्म जपून ठेवलेली होती. हरवलं होतं ते थेट प्रक्षेपण, म्हणजे त्या दुपारी लोकांनी घरी बसून जे पाहिलं आणि ऐकलं ते. दोन प्रतिस्पर्धी लीगनी आदल्या वर्षीच एकत्र यायचं ठरवलं होतं आणि दोघींचे करार वेगवेगळ्या वाहिन्यांशी होते. म्हणून हा एकच सामना दोन वाहिन्यांवर एकाच वेळी दिसला. चित्रं एकाच वाहिनीच्या कॅमेऱ्यांची होती, निवेदक मात्र दोघींचे वेगळे. उत्तरार्धाची पहिली किक मारली गेली तेव्हा एक वाहिनी अजून मैदानावर परतलीच नव्हती, म्हणून ती किक पुन्हा मारायला लावली! मैदानात सुमारे एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. 'सुपर बोल' हे नावही अजून अधिकृत झालेलं नव्हतं.

एवढं असूनही दोन्ही वाहिन्यांनी टेप ठेवल्या नाहीत. आज हे वेडेपणाचं वाटतं, तेव्हा तो साधा हिशेब होता. दोन इंच रुंदीच्या टेपवर मुद्रण करणारी यंत्रं १९५६ मध्ये आली. तासाभराच्या रिळाला तेव्हा तीनशे डॉलरच्या आसपास पडत. रीळ पुसून पुन्हा वापरता येणं हाच टेपचा मोठा गुण मानला जाई. झालेला सामना पुन्हा कोण बघणार?

पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने मात्र तो टेपवर उतरवून घेतला. त्याने मध्यंतर घेतलं नाही आणि तिसऱ्या सत्राचाही मोठा भाग त्यात नाही. उरलं ते ९४ मिनिटांचं मुद्रण. ही रिळं जवळपास चार दशकं माळ्यावर पडून होती. २००५ मध्ये एका क्रीडा साप्ताहिकाने हरवलेल्या मौल्यवान गोष्टींमध्ये या प्रक्षेपणाचं नाव घेतलं आणि किंमत दहा लाख डॉलरच्या वर लावली. तेव्हा कुठे घरच्यांना माळ्याची आठवण झाली. न्यूयॉर्कच्या एका प्रसारण-संग्रहालयाने टेप दुरुस्त केली आणि बदल्यात स्वतःसाठी एक प्रत ठेवली.

खरा वाद इथून पुढचा. टेपच्या मालकाने लीगकडे दहा लाख डॉलर मागितले, लीगने तीस हजार देऊ केले. व्यवहार फिसकटला. लीगचं म्हणणं असं, की रीळ तुमचं असेल, त्यावरचा सामना आमचा. आपण विकत घेतलेलं पुस्तक आपलं असतं, पण ते छापून विकायचा हक्क आपल्याला मिळत नाही, तसंच हे. कायद्याच्या भाषेत यात तथ्य आहे. फक्त पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकाने स्वतःची प्रत रद्दीत घातलेली नसते. प्रक्षेपण सुरू असतानाच ते मुद्रित होत असेल तर त्याला संरक्षण मिळतं, हे अमेरिकी कायद्यात स्पष्टपणे आलं ते १९७६ च्या दुरुस्तीने, अंमल १९७८ पासून. हा सामना त्याआधीचा. त्यामुळे वकिलांना बोलायला बरीच जागा होती. पण लीगशी कोर्टात भांडायची ऐपत किती जणांची असते? टेप विकली गेली नाही, दाखवलीही गेली नाही.

मग १५ जानेवारी २०१६ रोजी, सामन्याला ४९ वर्षं झाली त्या दिवशी, लीगच्या स्वतःच्या वाहिनीने 'हरवलेला सामना' दाखवला. वापरली ती जुनी फिल्मच. सामन्यातल्या सगळ्याच्या सगळ्या १४५ चाली वेगवेगळ्या रिळांमधून हुडकून क्रमाने जोडल्या आणि खाली रेडिओचं समालोचन लावलं. काम कष्टाचं होतं आणि ते चोख झालं, हे मान्य करायला हवं. पण पहिल्या वेळी स्टुडिओत बसलेली मंडळी सामनाभर त्यावर बोलतच राहिली. प्रेक्षक वैतागले, तेव्हा ती बडबड काढून सामना पुन्हा दाखवावा लागला.

जोडकाम कितीही बेमालूम असलं तरी त्यातलं चित्र सिनेमाच्या कॅमेऱ्याचं आणि आवाज रेडिओचा. त्या दुपारी टीव्हीवर जे चित्र दिसलं आणि त्यासोबत जो आवाज आला, ते दोन्ही एकत्र आहेत ते माळ्यावरच्या त्या ९४ मिनिटांत.