ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो? रेझिस्टर बदलण्याआधी मोटर तपासा

गाडीतल्या ब्लोअरचं (केबिनमध्ये वारा सोडणाऱ्या पंख्याचं) बटण एक, दोन, तीनवर असताना पंखा गप्प आणि चारवर नेताच पूर्ण वेगानं सुरू, असं झालं की रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) गेला हे मेकॅनिक गाडीला हात न लावता सांगतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. नवा रेझिस्टर बसतो, पंखा चारही वेगांवर फिरतो. काही महिन्यांत मात्र पुन्हा तीच तक्रार येते. रेझिस्टर सहसा आपण होऊन जळत नाही, त्याला जाळणारं कारण शेजारीच असतं आणि ते शोधायचं राहून गेलेलं असतं.

आपल्याकडच्या गाड्यांत एसी आणि हीटर दोघांसाठी ब्लोअर एकच असतो, आणि बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेला असतो. म्हणून हा बिघाड थंडीपेक्षा पावसाळ्यात जास्त जाचतो. घाटात काच आतून धुरकटली की ती साफ करणारा वारा इथूनच यायचा असतो.

हाताने वेग बदलायच्या साध्या सिस्टीममध्ये मोटरच्या वाटेत तारेची तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. एक नंबरवर प्रवाह सगळ्या वेटोळ्यांतून जातो, दोनवर एक वेटोळं वगळलं जातं, तीनवर आणखी एक. चारवर रेझिस्टर पूर्ण टाळून मोटरला थेट पुरवठा मिळतो. वेटोळ्यांच्या वाटेत एक थर्मल फ्यूज असतो. ठरावीक तापमानाला तो कायमचा तुटतो आणि पहिले तीन वेग एकदम जातात.

आता थोडं गणित. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.५ धरू, एक नंबरवरचा रेझिस्टन्स २ ओहम आणि प्रवाह ४ अँपियर. रेझिस्टरवर ८ व्होल्ट पडतात, मोटरला ५.५ उरतात आणि रेझिस्टरमध्ये ३२ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त. हे चालतं, कारण रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो. पण मोटरचे बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) कोरडे पडून ती जड फिरायला लागली आणि प्रवाह ५ अँपियर झाला, तर उष्णता ५० वॅटवर जाते, कारण ती प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते. शिवाय पंखा मंदावल्यामुळे वाराही कमी मिळतो. मोटर पूर्ण अडकली आणि तिचा स्वतःचा रेझिस्टन्स अर्धा ओहम असेल, तर ५.४ अँपियर प्रवाह, सुमारे ५८ वॅट उष्णता आणि वारा शून्य. एवढ्या प्रवाहानं ३० अँपियरचा मुख्य फ्यूज उडत नाही. इथे फक्त थर्मल फ्यूजच वाचवतो. तो काढून तिथे तार डागून 'जुगाड' करणं म्हणजे डॅशबोर्डखाली आगीची सोय करणं आहे. हे कधीही करू नका, कोणाला करू देऊ नका.

केबिन फिल्टर चोंदला की मोटरवर भार येतो, असं सर्रास सांगितलं जातं. या पिंजऱ्यासारख्या पंख्याच्या बाबतीत प्रत्यक्षात उलटं घडतं: हवा कमी ओढली गेली की मोटरचा प्रवाह घटतो आणि पंख्याचा आवाज चढतो. तरीही फिल्टर दोषी ठरू शकतो, कारण रेझिस्टरला मिळणारा थंडावा कमी होतो.

तपासणीसाठी इग्निशन बंद करा, ग्लोव्ह बॉक्स उतरवा. त्या भागात पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. रेझिस्टर नुकताच चालू असेल तर तो भाजतो, पाच मिनिटं थांबा. सॉकेट काढून ओहमवर मोजा: टोकांमध्ये काही दशांश ते काही ओहम यायला हवेत. मीटर 'ओएल' दाखवत असेल तर ती वाट तुटलेली आहे.

मग मोटर. स्क्रू काढले की ती पंख्यासकट खाली येते. पंखा बोटानं फिरवा: सोडल्यावर तो काही फेरे मोकळा फिरायला हवा. लगेच थांबला, खरखरला किंवा डुगडुगला तर रोगाचं मूळ तिथे आहे. गुलमोहर, चिंचेखाली गाडी उभी राहत असेल तर त्यांची बारीक पानं जाळीतून सहज आत शिरतात आणि पंख्याच्या पात्यांत अडकून तोल बिघडवतात. काचेखालच्या काऊलचा (वायपरजवळच्या पन्हळीचा) निचरा तुंबला तर पावसाचं पाणी थेट मोटरवर टपकतं आणि शाफ्ट गंजतो. गंजलेल्या मोटरवर स्प्रे मारून आवाज काही दिवस थांबतो, पण तेल कार्बन ब्रशपर्यंत (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंत) गेलं की मोटर आणखी लवकर जाते. अशी मोटर बदलावी.

प्रवाह मोजायचा तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून मोजणारा) डीसी, म्हणजे बॅटरीचा प्रवाह मोजणारा हवा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त घरच्या विजेचा एसी प्रवाह मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या सॉकेटमधून मोजायला जाऊ नका. चार नंबरवर निरोगी ब्लोअरही १५ ते २५ अँपियर घेऊ शकतो.

रेझिस्टरचं सॉकेट नीट बघा. एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, आतली पितळी पट्टी सैल पडली असेल आणि तांब्याची तार इंचभर काळी पडली असेल, तर नवा रेझिस्टर त्यात खोचून उपयोग नाही. वीस अँपियरच्या वाटेवर ०.१ ओहमचा सैल जोड २ व्होल्ट खातो आणि त्या एका टोकावर ४० वॅट उष्णता निर्माण करतो. साध्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स याहून जास्त असू शकतो, त्यामुळे ओहमवर हा दोष पकडता येत नाही. तो व्होल्टवर पकडावा लागतो: ब्लोअर चारवर चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग मोटरच्या दोन पिनांवर. फरक एक व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, दोनच्या वर गेला तर वाटेतला जोड, रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) किंवा अर्थ (बॉडीला जाणारा निगेटिव्ह जोड) तपासा. मोटरच्या एकाच पिनेपासून बॉडीवर मोजून निष्कर्ष काढू नका, कारण बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह थेट मोटरला येतो आणि वेगाचं नियंत्रण अर्थच्या बाजूला असतं. जळालेलं सॉकेट कापून, चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार मागे घेऊन नवं सॉकेट क्रिंप करा (पक्कडीनं दाबून घट्ट बसवा). पिळून टेप गुंडाळलेला जोड पुन्हा तापतो.

बाकीच्या तक्रारी लवकर उलगडतात. कुठल्याच वेगावर काही नाही: आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकून बघा. ठोकल्यावर सुरू झाली तर कार्बन ब्रश झिजलेत. एक ते तीन चालतात आणि चारच चालत नाही: बटणाचा कॉन्टॅक्ट किंवा जोराच्या वेगाचा वेगळा रिले. आवाज जोरात पण वारा कमी: फिल्टर, नाहीतर एसी चालवताना बाष्पकावर (एसीच्या थंड जाळीवर) जमलेला बर्फ. वारा भरपूर पण गरम नाही: मग ब्लोअर निर्दोष आहे, कूलंट, थर्मोस्टॅट आणि हवेचा फ्लॅप बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपियरचा टाकू नका.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत वेटोळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. त्याची उष्णता बाहेर सोडणारी अल्युमिनियमची पट्टीही वाऱ्यातच बसते आणि जड मोटर त्यालाही मारते. फरक असा की ते बऱ्याचदा आतून शॉर्ट होऊन जातं, तेव्हा बटण बंद करूनही पंखा पूर्ण वेगानं फिरत राहतो. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो थांबत नाही. मॉड्यूल मिळेपर्यंत ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.