अर्थिंगच्या चिमट्याखाली पत्रा का जळतो?

ट्रॅक्टरच्या मडगार्डला वेल्डिंगचा टाका छान बसतो. मग अर्थिंगचा चिमटा काढला की खाली काळा-निळा डाग, दाताचे वळ, कधी चक्क सुईएवढं भोक. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या फॅब्रिकेशन शेडांत काय, खानापूर-निपाणीकडच्या रस्त्याकडेच्या दुकानांत काय, पातळ पत्र्याचं काम करणाऱ्याला हे नवं नाही. खापर फुटतं ते पत्र्याच्या गेजवर, म्हणजे जाडीवर. खरा घोळ मात्र चिमटा आणि पत्रा जिथे एकमेकांना टेकतात तिथे असतो, आणि तो टाळता येतो.

मशीनमधून निघालेला करंट होल्डर, रॉड आणि आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) यांतून जॉबमध्ये, म्हणजे वेल्ड करायच्या वस्तूत येतो आणि चिमट्याच्या केबलने मशीनकडे परततो. रॉडमधून ८० अँपिअर जात असतील तर चिमट्याखालूनही पूर्ण ८० अँपिअर जातात. वाटेत जिथे रोध (रेझिस्टन्स) असेल तिथे उष्णता तयार होते आणि ती करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. चिमट्याच्या सांध्यात फक्त एक शतांश ओहम रोध धरला तरी ८० गुणिले ८० गुणिले ०.०१, म्हणजे ६४ वॅट झाले. ही सगळी उष्णता १ मिमी जाडीच्या पत्र्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये अडकली, तर तिथलं तापमान दर सेकंदाला सुमारे १६५ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात काही उष्णता चिमट्यात जाते, काही पत्र्यात पसरते, पण अंदाज यावा. तोच हिशोब १० मिमी प्लेटला लावला तर वाढ दहापट कमी. जाड प्लेट मळका चिमटा खपवून घेते, पत्रा घेत नाही.

आता हा रोध येतो कुठून? डोळ्यांना चिमट्याचा जबडा पत्र्याला सपाट चिकटलेला दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग उंचसखल असतात. चोर्ला घाटातले डोंगर उचलून दुसऱ्या डोंगररांगेवर उलटे ठेवावेत, तशी फक्त शिखरं शिखरांना टेकतात. केंब्रिजमध्ये फिलिप बाउडेन आणि डेव्हिड टेबर यांनी १९३९ साली हेच दाखवून दिलं, आणि तेही सांध्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून. त्या संशोधनातून पुढे आलेला नियम सुटसुटीत आहे: खरोखर टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे दाब देणारं एकूण बल भागिले दोघांतल्या मऊ धातूचा कठीणपणा. जबडा किती रुंद आहे याला जवळजवळ महत्त्व नाही. स्प्रिंगचा जोर वीस किलोंच्या वजनाएवढा धरला, तर लोखंडावर लोखंड खरं टेकतं ते एका चौरस मिलिमीटरच्या साधारण सहाव्या हिश्श्यात! ऐंशी अँपिअर त्या टीचभर जागेतून जातात.

यातून कामाची गोष्ट निघते. दातेरी जबडा जास्त घट्ट धरतो म्हणून करंटही जास्त चांगला जातो, ही समजूत बरोबर नाही. दात गंज खरवडतात, तेवढा त्यांचा उपयोग, पण पातळ पत्र्यावर ते वळ उमटवतात. त्यापेक्षा जबडा आणि पत्रा यांच्यामध्ये दोन-तीन मिमी जाडीची तांब्याची सपाट पट्टी ठेवावी. जोर तेवढाच राहतो, फक्त पसरतो, त्यामुळे पत्रा दबत नाही. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे खरी टेकण वाढते. शिवाय ते उष्णता लोखंडाच्या सात-आठपट वेगाने वाहून नेतं. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही एक सपाट तुकडा आधाराला दिला की पत्रा वाकण्याचा प्रश्न मिटला. एक तपासणी मात्र आधी करावी. बऱ्याच चिमट्यांत केबल एकाच जबड्याला जोडलेली असते. तांब्याची पट्टी आणि साफ केलेली बाजू त्याच जबड्याकडे हवी.

साफ करणं म्हणजे चकचकीत धातू दिसेपर्यंत. रंग वीज अडवतो, गंजही जवळजवळ तसाच. आमच्याकडे, विशेषतः खानापूरच्या पावसात, दोन महिने बाहेर पडलेल्या पत्र्यावर गंजाचा थर बसलेलाच असतो. करंट तो थर एखाद-दुसऱ्या जागी फोडतो आणि तिथे ठिणगी उडते. खड्डे पडतात ते या ठिणग्यांनी. त्यातून चिमटा तापला की स्प्रिंग ढिली पडते, जोर कमी होतो, रोध वाढतो आणि चिमटा आणखी तापतो. जुन्या चिमट्यांचं हेच दुखणं असतं. पाच-पन्नास रुपयांचा पॉलिश पेपर वाचवून महागाचा पत्रा घालवणं मला पटत नाही.

जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचं वेगळं आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायला सुमारे दीड हजार अंश लागतात. म्हणजे पत्रा शाबूत दिसत असतानाही चिमट्याखालचं जस्त गेलेलं असू शकतं. कणगी किंवा टाकी असेल तर चिमटा दुमडलेल्या कडेला, न दिसणाऱ्या बाजूला लावावा आणि नंतर त्या जागी जस्तयुक्त रंग मारावा. जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी-ताप भरतो, त्यामुळे शेडची दारं उघडी हवीत.

पत्र्याला धरायला जागाच नसेल तर टाकाऊ कडेला लोखंडाचा छोटा तुकडा टॅक करून (बारीक टाक्याने तात्पुरता चिकटवून) त्याला चिमटा लावावा आणि शेवटी ग्राइंडरने तो काढून टाकावा. किंवा पत्रा जाड लोखंडी टेबलावर घट्ट दाबून चिमटा टेबलाला लावावा, पण मग पत्रा जिथे टेबलाला टेकतो ती जागाही चकचकीत हवी. चिमट्याऐवजी चुंबकाने चिकटणारी अर्थिंग सोयीची वाटते, पण डीसी (एकाच दिशेने करंट देणाऱ्या) मशीनवर ती जवळ असेल तर आर्क एका बाजूला ओढला जातो.

आणि चिमटा वेल्डिंगच्या शक्य तितका जवळ लावावा. शटरची पट्टी वेल्ड करताना चिमटा चौकटीला अडकवला, तर करंट रोलर आणि बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पाडतो. ट्रॉलीच्या चाकांचंही तेच. गाडीवर काम असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. शेडच्या अँगलला चिमटा लावून दूरचा जॉब वेल्ड करण्याची सवय तर धोक्याची: परतीचा करंट इमारतीच्या अर्थिंगच्या बारीक तारेतून गेला तर ती तार भिंतीतल्या भिंतीत जळते, आणि पुढे कुठल्यातरी मोटरचा एखाद्याला शॉक लागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.