राम जोशी की अनंत फंदी?

‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडु नको’ हा फटका, म्हणजे रोखठोक उपदेशाचं कवन, आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींचा, असं ठामपणे सांगणारे सोलापुरात आजही भेटतात. गावाचा अभिमान मलाही आहे. पण तो फटका अनंत फंदींचा, म्हणजे संगमनेरच्या अनंत भवानीबावा घोलपांचा (१७४४–१८१९).

घोळ होतो त्याला कारण आहे. दोघेही पेशवाईच्या उत्तरार्धातले, दोघेही ब्राह्मण घरातले, तरी तमाशाच्या फडावर रमलेले. पुढे दोघेही कीर्तनाकडे वळले. फंदींबद्दल आख्यायिका अशी की अहिल्याबाई होळकरांनी ‘हे तुम्हाला शोभत नाही’ म्हणून सुनावलं आणि त्यांनी डफ खाली ठेवला. राम जोशींची गोष्ट घरातूनच पेटते. थोरले बंधू मुद्गल जोशी कीर्तन-पुराण सांगणारे, धाकटा मात्र धोंडी शाहिराच्या फडावर पडीक. भावाने घराबाहेर काढलं तेव्हा राम जोशी पंढरपूर गाठून संस्कृत शिकले.

ते शिक्षण त्यांच्या कवनात ऐकू येतं, आणि दोघांना ओळखायची खूण माझ्या मते तीच. हे मोठ्याने म्हणून बघा: ‘हटातटाने पटा रंगवुन जटा धरिशी का शिरी’. ट-कारांची ती सर लागते तेव्हा दम कुठे घ्यायचा हेच सुचत नाही. ‘सुंदरा मनामधे भरली, जरा नाहि ठरली, हवेलीत शिरली’ इथेही तेच, एकाच ओळीत यमकावर यमक. हा पंडित कवींचा अनुप्रास आहे, फक्त तो डफ-तुणतुण्यावर चढलाय. लावणीत संस्कृत आणायलाही ते कचरले नाहीत.

फंदी समोर बसून बोलतात. ‘संसारामधि ऐस आपुला उगाच भटकत फिरू नको.’ शब्द रोजचे, चाल ठसक्याची, आणि कडव्यामागून कडवं तेच ‘नको, नको’. फटका हा प्रकार त्यांच्याच नावाने रूढ झाला. ‘हटातटाने’मध्येही उपदेश आहे, म्हणून पुष्कळजण ती रचना फंदींच्या खात्यावर टाकतात. तिथे अर्थाकडे न बघता कानावर विश्वास ठेवावा.

१९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ चित्रपटाने आपल्या शाहिराला जयराम शिलेदारांचा चेहरा दिला आणि लावणीकार म्हणून त्यांची ओळख पक्की केली. त्यात त्यांचं दुसरं मोठं काम मागे पडलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या राम जोशींनी आपल्या कीर्तनातून गायल्या आणि पोथीतलं ते अवघड काव्य साध्या श्रोत्यांपर्यंत नेलं.