जुन्या मोटारीत आधी काय थकते?

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. कायद्याच्या लेखी गाडी येथे म्हातारी होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र हे विधान फारच ढोबळ आहे, कारण गाडीचे सगळे भाग एका वेगाने म्हातारे होत नाहीत. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये ज्या बिडाचे ओतकाम चालते, तशाच बिडाचा इंजिन ब्लॉक वेळेवर तेल आणि पुरेसा थंडावा मिळाला तर २० वर्षांनीही मापात राहू शकतो. आधी थकतात ते रबर, प्लास्टिक आणि गाडीत फिरणारे द्रव. हेच भाग किमतीने सर्वांत किरकोळ असतात आणि इंजिन उघडण्यापर्यंत गेलेल्या कितीतरी खर्चांचे मूळ यांच्यापैकीच एखाद्याच्या दुर्लक्षात सापडते. हात आखडता असेल तेव्हा कोणता आवाज खटकतो हे बाजूला ठेवून, कोणता भाग गेला तर तो आपल्याबरोबर आणखी काय घेऊन जाईल, हे पाहून खर्चाचा क्रम लावावा.

रबर हे लांबलचक रेणुसाखळ्यांचे जाळे असते आणि या साखळ्या ठिकठिकाणी बहुधा गंधकाच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. उष्णता, प्राणवायू आणि ओझोन यांच्यामुळे काही साखळ्या तुटतात, काही ठिकाणी नको तितके नवे दुवे तयार होतात, आणि रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा येथेही लागू पडतो. त्यामुळे बॉनेटखालचा होज पाइप दाराच्या रबरापेक्षा लवकर जातो. ही झीज किलोमीटर मोजत नाही. ‘गाडी फक्त ४० हजार चालली आहे’ हे जुनी गाडी विकणाऱ्यांचे आवडते वाक्य पिस्टनबद्दल काही सांगत असेल, पण १२ वर्षांच्या टायमिंग बेल्टबद्दल ते काहीच सांगत नाही. ज्या इंजिनांत साखळीऐवजी असा दातेरी बेल्ट असतो, तेथे तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ सुटतो. अनेक इंजिनांच्या रचनेत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह मग वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो आणि हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे लागते. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो संपला आहे असेच धरून चालावे. टायरचेही वय असते आणि ते त्याच्या बाजूवरच्या चार अंकांत वाचता येते: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. पण भरपूर नक्षी असूनही बाजूंना बारीक चिरा पडलेला टायर भरवशाचा नसतो.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा विषय म्हणजे गाडी तापणे. चालत्या इंजिनातले पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसवर असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळते, म्हणजे फरक उरतो तो जेमतेम ८ अंशांचा. हा फरक वाढवण्याचे काम रेडिएटरचे झाकण करते. त्यातली स्प्रिंग आत वातावरणापेक्षा साधारण एक बार अधिक दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यात निम्मे कूलंट असेल तर उत्कलनबिंदू आणखी सात-आठ अंशांनी वर जातो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हे सगळे संरक्षण जाते आणि गाडी सपाट रस्त्यावर ठीक चालत असूनही चढाला उकळू लागते. अशा वेळी रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट असे एकेक महाग निदान होत जाते. माझ्या मते तापणाऱ्या जुन्या गाडीत पहिला खर्च झाकणावर आणि होज पाइपांवर करावा. मेस्त्रींना त्यात फारसे काम दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

कूलंटचे दुसरे काम उत्कलनबिंदूपेक्षाही महत्त्वाचे आहे. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि काही गाड्यांत तांब्या-पितळेचा रेडिएटर, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यांचा एक विद्युत घट तयार होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू, म्हणजे ॲल्युमिनियम, झिजत जातो. कूलंटमधली गंजरोधक रसायने ही झीज रोखतात, आणि काळाबरोबर संपतात ती हीच रसायने; उत्कलनबिंदू वाढवणारे ग्लायकॉल तसेच राहते, त्यामुळे हिरवा रंग दिसतो म्हणून कूलंट चांगले आहे असे मानता येत नाही. बोअरचे जड पाणी भरत राहिले तर क्षारांचा पापुद्रा धरतो आणि त्यातून उष्णता बिडाच्या मानाने कितीतरी कमी वाहते. सांद्र कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण डब्यावर सांगितलेल्या मुदतीत बदलण्याचा खर्च एका हेड गॅस्केटच्या कामापुढे नगण्य असतो.

हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, का जाते, हे थोड्या आकडेमोडीने कळते. तापमान १०० अंशांनी वाढले की ४० सेंटिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे ०.९ मिलिमीटरने लांबते, तेवढ्याच लांबीचे बीड मात्र सुमारे अर्ध्या मिलिमीटरनेच. नेहमीच्या तापमानाला हा फरक गॅस्केट सांभाळून घेते. इंजिन फार तापले तर बोल्टांनी जखडलेल्या हेडला मोकळेपणाने पसरता येत नाही. ते वाकते आणि थंड झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढचा वाक चालत नाही. असे हेड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून मिळते आणि ते कामही तेथे चांगले होते, पण हेड उतरवणे, गॅस्केट आणि पुन्हा जोडणे यांची मजुरी जमेस धरली की जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग त्यात जातो.

ऊसतोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे मैलभर रांगत जावे लागते, तेव्हा रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर राहते. जाळीत अडकलेले पाचट आणि धूळ तेवढ्यासाठी आधीच काढून टाकावी. काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, कारण हीटर हा स्वतःच एक छोटा रेडिएटर असतो. त्यानेही फरक पडला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. दाब सुटताक्षणी आतल्या पाण्याची वाफ होऊन ते उसळते. आणखी एक फसवी गोष्ट लक्षात ठेवावी: पाणी निघून गेले आणि तापमानाचा सेन्सर कोरडा पडला, तर काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो.

घाट चढताना जशी उष्णता इंजिनात साठते, तशी उतरताना ती ब्रेकमध्ये साठते. समजा १००० किलोची गाडी गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरते आहे आणि ती ४०० मीटर खाली येते. तिच्या स्थितिज ऊर्जेतून सुमारे ३९ लाख ज्यूल मुक्त होतात, आणि तेवढ्यात १२ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. ही ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो द्रव हवेतली ओल शोषून घेणारा असतो: कोरड्या अवस्थेत डॉट-३ जातीचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश असतो, पण ३.७ टक्के पाणी मुरले की त्याची हमी १४० अंशांपर्यंतच उरते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली बसते. महिनोन्महिने ओलसर राहणाऱ्या या पट्ट्यात दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे हा काटकसरीतही न टाळण्याचा खर्च होय.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय याच संदर्भात तपासून पाहावी. कार्ब्युरेटरच्या काळात तिला थोडा आधार होता. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन पूर्ण तोडतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरावे लागत असल्याने थोडे का होईना पेट्रोल जळतच राहते. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये उतरणे ब्रेकसाठी चांगले आणि खिशासाठीही.

विजेच्या बाबतीत सर्वांत अधिक पैसे वाया जातात ते निदानाअभावी. सेल्फ मारताना दीडशे ॲम्पिअरच्या घरात प्रवाह वाहतो. बॅटरीचे ऋण अग्र इंजिनाच्या धातूशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीच्या गंजलेल्या जोडात केवळ ०.०१ ओहम रोध असला, तरी ओहमच्या नियमाने तेथे दीड व्होल्ट खर्ची पडतात आणि चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. काही शेकड्यांत मिळणारा मल्टिमीटर येथे आपली किंमत एका दिवसात वसूल करतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवत असेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटर या दोघांवरचा संशय बराच कमी होतो. मग एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा आला तर दोष पट्टीत किंवा तिच्या बोल्टांत आहे, आणि तो सँडपेपरने दूर होण्याचा संभव मोठा आहे.

इंजिन ऑइलबद्दल नवे सांगण्यासारखे थोडे आहे. पातळी नियमाने पाहावी, ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलावेत आणि इंजिन तरुण करून देणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नयेत.

पेट्रोलचा प्रश्न मात्र नवा आहे आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याशी त्याचे जवळचे नाते आहे. २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल आता सर्वत्र मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी तयार केलेले नव्हते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते आणि ॲव्हरेजमध्ये त्या प्रमाणात घट आली तर तो इंजिनाचा दोष मानू नये. काळजी करायची ती जुन्या इंधन नळ्यांची. त्या फुगतात किंवा तडकतात, आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला तर त्याच दिवशी नळ्या बदलाव्यात, कारण येथे प्रश्न आगीचा असतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल पाणी शोषते हेही ध्यानात असावे.

पुराच्या पाण्याचा धोका २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी या शहराला पुरेसा दाखवला आहे, पण त्यामागचे गणित क्वचितच सांगितले जाते. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे प्रमाण, १० असेल, तर पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त ३३ मिलिलिटर जागा उरते. हवेच्या वाटेने याहून थोडे अधिक पाणी आत गेले तरी पिस्टनला वर येता येत नाही, कारण पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही; मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ न मारता ती ओढून काढली, प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर घालवले आणि तेल बदलले, तर इंजिन वाचण्याची शक्यता बरीच असते.

गाडी केव्हा सोडून द्यावी, याचा निकष मला इंजिनापेक्षा पत्र्यात अधिक दिसतो. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स जुन्या बाजारातून आणता येतो, पण गंजलेल्या सांगाड्याला जोडकामाने मूळची ताकद येत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, थरांना फाकवतो आणि पाण्याला आणखी आत वाट करून देतो. दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात. ती लाल मातीने बुजली की दार आतून कुजते, तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर ती तारेने मोकळी करावीत व मडगार्डच्या आतला चिखल धुऊन काढावा. वरचा रंग फिका पडला तर पडू द्यावा. जॅक लावण्याच्या जागा, सस्पेन्शन जेथे बॉडीला बसते ते कोन आणि खालचे आडवे-उभे पट्टे मात्र वर्षातून एकदा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावेत. टोक वरच अडले तर गाडीवर खर्च करायला हरकत नाही. ते आत घुसले तर नव्या क्लच प्लेटचे पैसे वाचवावेत आणि गाडी भंगारात द्यावी.