ऊसतोड स्थलांतर आणि मुलांचे संरक्षण (बेळगाव सीमाभाग)

गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी भागांतील मजूर कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिणेकडे जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परततात. त्यांतल्या बऱ्याच जत–अथणी किंवा मिरज–कागवाड रस्त्याने बेळगाव जिल्ह्यात येऊन अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक तालुक्यांत तळ टाकतात. उचल (मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम) ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. दोघेही निघाले की मुलांना घरी सांभाळणारे बहुधा कोणी उरत नाही.

प्रवासात मुले ट्रॉलीतल्या संसारावर बसतात. मागचे दिवे नसतात, जोडट्रॉलीची पिन निसटते, वळणावर झोपलेले मूल खाली पडते. वाटेत चुकलेले मूल सापडल्यास १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवावे; बाल न्याय कायद्यानुसार त्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

तळावर पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पानांच्या) कोपीला, म्हणजे झोपडीला, पेटायला चुलीची ठिणगी पुरते. फडात धोका वेगळाच: तान्हे बाळ पाचटाच्या सावलीत निजवतात आणि मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला ते दिसत नाही. गाडी भरताना बाळे बांधावर, एका मोठ्या माणसाच्या नजरेत ठेवणे हाच खरा उपाय. व्यवहारात ती जबाबदारी थोरल्या बहिणीवर पडते आणि तिची शाळा तिथेच सुटते.

कागदांचे घोडे राज्याच्या सीमेवर अडते. शिक्षण हक्क कायदा (२००९), कलम ५ नुसार शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. कलम ४ वयानुरूप वर्ग आणि जादा शिकवणी देते. तरीही मूल गावच्या पटावर हजर आणि इथे बेपत्ता, असे सर्रास होते. करारात कोयत्यांची नोंद असते, मुलांची नसते. टोळी कुठे उतरली हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) नेमके माहीत असते. मुलांची यादी तिथूनच सुरू व्हायला हवी. तळाची जागा मात्र पाणी आणि रस्ता पाहून ठरते, शाळा पाहून नाही. निपाणी-चिकोडीकडे मराठी सरकारी शाळा आवाक्यात असते. गोकाक पट्ट्यात मात्र कन्नड शाळाच जवळ, आणि घरी गोरबोली बोलणाऱ्या बंजारा मुलाला ती तिसरी भाषा. अशा वेळी मूळ गावातच हंगामी वसतिगृह मिळाले तर ते बरे, पण सहा वर्षांखालच्यांना त्याचा उपयोग नाही.

लहानग्यांसाठी जवळची अंगणवाडी गाठावी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो आणि तो नेमका हंगामात येऊ शकतो. लसीचे कार्ड ताडपत्रीखाली भिजते, म्हणून मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत कार्ड गावी राहिले तरी आधार जोडलेला असल्यास नंबर आणि अंगठा चालतो. आजी-आजोबांचा वाटा गावी आणि उरलेला इथे, असा माल विभागून उचलता येतो.