चेंबर चुकतं तिथे फिल्म

विदर्भात शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला येणारे पुष्कळसे पेशंट खर्‍यापायी (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडाचा कॅन्सर झालेले असतात. त्यांना रोज 2 ग्रेच्या (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास डोस मिळतो, सहा-सात आठवडे. एखाद्या दिवशी थोडं कमीजास्त झालं तर सावरायला वेळ असतो. मेंदूतल्या सेंटिमीटरभर गाठीचं तसं नाही. तिच्यावर बारीक झोत रोखून एकाच बैठकीत 18-20 ग्रेही देतात, आणि दिलेला डोस परत काढून घेता येत नाही. किरण दिसत नाहीत, लागत नाहीत. कुरखेड्याहून किंवा आर्णीहून एसटीने आलेल्या माणसाला डोस जास्त झाला की कमी, हे त्या दिवशी कळायला काहीच मार्ग नाही. म्हणून मोजायचं ते आधीच.

नेहमीची मोजणी आयन चेंबरने होते, म्हणजे किरणांमुळे आतल्या हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणार्‍या छोट्या पोकळ साधनाने. सर्रास वापरलं जाणारं फार्मर चेंबर 0.6 घन सेंटिमीटरचं. त्यातली हवेची पोकळी साधारण 2.4 सेंटिमीटर लांब असते. 10 बाय 10 सेंटिमीटरच्या झोतात ते अगदी भरवशाचं. झोत सेंटिमीटरभराचा झाला की चेंबरचा निम्म्याहून जास्त भाग झोताबाहेर राहतो. धुर्‍यालगतच्या दोन तासांवर (पिकाच्या ओळींवर) पाऊस पडावा आणि सरासरी अख्ख्या वावराची काढावी, तसं होतं. आकडा कमी येतो. त्यावर विश्वास ठेवला तर मशीन कमी देतंय असं वाटून डोस वाढवला जातो.

हे खरंच घडलेलं आहे. फ्रान्समधल्या तुलूझ इथे 2006-07 मध्ये बारीक झोत मोजायला मोठं चेंबर वापरलं गेलं आणि 145 रुग्णांना जास्त डोस गेला. मशीन बिघडलेलं नव्हतं, मोजायचं साधन चुकीचं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2017 मध्ये लहान झोतांसाठी वेगळी नियमावली काढली.

अडचण फक्त चेंबरच्या आकाराची नाही. क्ष-किरण शरीरात इलेक्ट्रॉन उडवतात, आणि ते आडवे बर्‍यापैकी लांब जातात. रुंद झोतात बाहेर गेलेल्यांची जागा शेजारून आलेले भरून काढतात. अरुंद झोतात शेजारच नसतो, त्यामुळे मधला डोसही घसरतो.

इथे फिल्म कामी येते. गॅफक्रोमिक ईबीटी-3 फिल्मचा संवेदनशील थर 28 मायक्रॉनचा, दोन पॉलिएस्टर पत्र्यांमध्ये दाबलेला. तिची जडणघडण पाण्याच्या, म्हणजे शरीराच्या जवळची. किरण पडले की त्या थरातले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि फिल्म निळी पडते. डार्करूम नको, केमिकल नको. फॅन्टमच्या (शरीराऐवजी वापरायच्या ठोकळ्याच्या) दोन पाट्यांमध्ये तुकडा ठेवायचा, पेशंटचाच प्लॅन (कुठे किती डोस द्यायचा त्याचा आराखडा) त्यावर चालवायचा. नंतर साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर 72 डीपीआयने (इंचाला 72 ठिपके) स्कॅन केलं तरी दर 0.35 मिलिमीटरला एक आकडा मिळतो. झोताची कड कुठे संपते तेही दिसतं.

पण फिल्म घाई सहन करत नाही. रंग नंतरही चढत राहतो, म्हणून बहुतेक ठिकाणी स्कॅन दुसर्‍या दिवशी करतात. तुकडा आडवा ठेवला की उभा, यानेही आकडा बदलतो, म्हणून कापतानाच कोपर्‍यावर खूण करायची. बोटांचे ठसे नकोत. प्रत्येक बॅचचं कॅलिब्रेशन (किती रंग म्हणजे किती डोस, ते ठरवणं) वेगळं. उन्हाने फिल्म आपोआप निळसर होते, आणि स्कॅन करतानाचं तापमानही रंगात फरक पाडतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना पाकीट गाडीत राहून चालत नाही. लाइट गेली, एसी बंद पडला, तर खोली पुन्हा थंड होईपर्यंत थांबलेलं बरं.

मग प्लॅन आणि फिल्म एकमेकांवर ठेवून ताडून बघतात. डोसात 3 टक्के आणि जागेत 2 मिलिमीटर फरकाच्या निकषात 95 टक्के बिंदू बसले तर सहसा पास. मला मात्र सेंटिमीटरभराच्या झोतात नुसती टक्केवारी पुरेशी वाटत नाही. मधल्या बिंदूचा डोस स्वतंत्र बघायलाच हवा, कारण गाठ तिथेच आहे.

दोन-तीन जिल्ह्यांची रांग एकाच मशीनवर असली की ही एक दिवसाची वाट कापायचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. आकडे जुळले नाहीत तर आधी फिल्मची दिशा, मग फॅन्टमची मांडणी, मग प्लॅन तपासायचा. कारण सापडेपर्यंत पेशंटला टेबलावर घ्यायचं नाही, आणि उशीर का होतोय ते नातेवाइकांना नीट समजावून सांगायचं.