कायदा देशाचा, परवानगी राज्याची: सीमेपलीकडच्या सर्पमित्राला मदत करताना

दोडामार्ग, बांदा, चंदगड अशा सीमेलगतच्या भागांत काम करणाऱ्या सर्पमित्रांमध्ये एक समज खोलवर रुजला आहे, आणि कितीही वेळा खोडून काढला तरी तो पुन्हा ऐकू येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा संपूर्ण भारताला लागू आहे. आपल्याला महाराष्ट्राच्या वनविभागाने साप पकडण्याची परवानगी दिलेली आहे. तेव्हा गोव्यातल्या पेडण्याच्या मित्राने बोलावले, तर तिथे जाऊन साप पकडायला हरकत नाही, असा हा हिशेब असतो. यातली पहिली दोन विधाने खरी असली, तरी त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

साप कसा ओळखावा, हूक कुठे लावावा, पिशवीचे तोंड कसे बांधावे हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ओळखपत्र आणि परवानगी यांतला फरकही दोन वाक्यांत संपतो. ओळखपत्र तुम्ही कोण आहात एवढेच सांगते, मग ते संस्थेने दिलेले असो वा वनविभागाने; परवानगी म्हणजे सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश. गळ्यात कार्ड अडकवून, नागाचा फणा मोबाइलसमोर धरून व्हिडिओ काढणाऱ्यांना हा फरक कळत नाही असे मला वाटत नाही, त्यांना तो कळून घ्यायचा नसतो, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

खरी गल्लत आहे ती कायद्याची व्याप्ती आणि परवानगीची व्याप्ती यांमध्ये. वाहन चालवण्याच्या परवान्याची सवय आपल्याला इतकी झाली आहे, की सिंधुदुर्गात काढलेला परवाना गोव्यात आणि कर्नाटकातही चालतो, तसेच इथेही असणार असे आपण विचार न करता धरून चालतो. परंतु तो परवाना देशभर चालतो, याचे कारण कायदा केंद्राचा आहे एवढेच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ मध्ये परवाना संपूर्ण भारतात प्रभावी राहील असे स्पष्ट लिहिलेले आहे. वन्यजीव अधिनियमात साप पकडण्याच्या परवानगीबद्दल असे एकही वाक्य नाही. उलट, कलम ४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची नेमणूक राज्य शासन करते, आणि वन्यप्राणी पकडण्याची कलम ११ व १२ खालील परवानगी हाच अधिकारी, किंवा कायद्याने मुभा दिली आहे तिथे राज्यातला प्राधिकृत अधिकारी, देतो. महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला गोव्यातल्या एका धामणीबाबतही आदेश देता येत नाही, मग त्याने दिलेला आदेश पत्रादेवीच्या सीमानाक्यापलीकडे कसा चालेल? कायदा दोन्ही बाजूंना एकच असल्यामुळे वन्यप्राणी पकडण्यावरची बंदी दोन्हीकडे सारखीच लागू होते. तिच्यातून मिळणारी सूट मात्र ज्या राज्याने दिली त्या राज्यातच संपते. इतके एक लक्षात ठेवले, तरी बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

या गैरसमजाला सीमाभागातल्या रोजच्या जगण्याचाही हातभार लागतो. सर्पदंश झालेल्या माणसाला दोडामार्गहून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नेताना सीमेवर कोणी कागद मागत नाही, आणि मागूही नये. पण तिथे आपण माणूस नेत असतो. सापाला हात लावण्याचा प्रश्न वेगळा आहे.

आता मदतीविषयी. ‘पकडणार तो, मी फक्त सोबतीला आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. समजा, पेडण्यातल्या एका घराच्या पडवीत लाकडांच्या ढिगाखाली अजगर आहे. तिथला सर्पमित्र त्याची मान धरतो, आणि महाराष्ट्रातून आलेला त्याचा सहकारी शेपटीकडचे वेटोळे सोडवून पिशवीचे तोंड उघडे धरतो. इथे दुसरा माणूस केवळ सोबतीला नाही. कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती मर्यादित नाही. पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. शिवाय कलम ५२ नुसार प्रयत्न करणारा आणि त्याला साहाय्य करणारा वा चिथावणी देणारा, दोघेही तरतुदीचा भंग करणारेच ठरतात. तिथल्या मित्राकडे गोव्याची परवानगी असेल, तर ती त्याच्यापुरती आहे. तिच्यात सहकाऱ्यांचा उल्लेख नसेल, तर तिच्या आधाराने तुम्ही सापाला हात लावू नये. त्याच्याकडेही परवानगी नसेल, तर दोघेही सारखेच अडचणीत येतात. अजगर कायद्यातल्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला असल्याने त्याच्या बाबतीत किमान ३ आणि कमाल ७ वर्षांच्या कारावासाची व किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. चांगल्या हेतूचा विचार न्यायालय करील कदाचित, पण गुन्ह्याची नोंद हेतू पाहून थांबत नाही.

याहून घातक सवय म्हणजे पकडलेला साप गाडीत घालून अलीकडे आणणे आणि ‘इथले जंगल दाट आहे’ म्हणून तिलारी किंवा आंबोलीच्या परिसरात सोडणे. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी राज्य शासनाची मालमत्ता ठरतो, म्हणजे गोव्यात पकडलेला साप गोवा शासनाचा असतो, आणि तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. कलम ४८अ नुसार, परवानगी घेतली आहे याची खातरजमा केल्याशिवाय वन्यप्राणी वाहतुकीसाठी स्वीकारताच येत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्या सापाला आपल्या हद्दीतली बिळे, पाणी आणि भक्ष्य माहीत आहे, त्याला अनोळखी डोंगरात नेऊन सोडणे याला मी त्याची सुटका मानत नाही. पकडला तिथून जवळात जवळच्या सुरक्षित जागी, तिथल्या वनकर्मचाऱ्यासमोर आणि नोंद करून सोडणे, हीच पद्धत मला मान्य आहे.

म्हणून ‘जरा येऊन जा, अजगर मोठा आहे’ असा पलीकडून फोन आला, तर आधी त्या मित्राला तिथल्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात कळवायला सांगावे. घरातल्यांनी लांबून सापावर नजर ठेवावी, कुत्री आणि मुले दूर ठेवावीत, गर्दी जमू देऊ नये, हे सारे फोनवरून सांगता येते आणि त्यासाठी कोणाचाही आदेश लागत नाही. वनविभागाला बाहेरचा अनुभवी माणूस हवाच असेल, तर तुमचे नाव, ठिकाण आणि काम लिहिलेला आदेश तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडून मागून घ्यावा. नुसत्या तोंडी होकारावर निघू नये. वर्षातून अनेकदा असे बोलावणे येत असेल, तर पावसाळ्याआधीच गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वतंत्र अर्ज करावा, आणि त्याला महाराष्ट्रातल्या परवानगीची प्रत केवळ अनुभवाचा पुरावा म्हणून जोडावी.